इंग्लंडात नवीन आहे, मुलांसोबत काम करायचंय. सुरुवात कुठून करू?

नवीन_पाहुणी

नमस्कार. पाच महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडात आले. तो स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे, मी डिपेंडंट. माझं नोकरी शोधणं चालू आहे, अजून जमलेलं नाही. सकाळी साडेसातला तो बाहेर पडला की संध्याकाळी सहापर्यंत मी घरात एकटी. कधी कधी दुपारी लक्षात येतं की सकाळपासून आपण कोणाशी एक शब्दही बोललेलो नाही.

भारतात असताना दोन वर्षं दर रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत पाचवी-सहावीच्या मुलांचं गणित घ्यायचे. तिथे मला कोणी काही विचारलं नव्हतं. मैत्रिणीबरोबर एका रविवारी गेले आणि पुढच्या रविवारपासून मुलं दारात वाट बघायला लागली. तसंच काहीतरी इथे करावं असं फार मनात आहे. ज्यांच्या घरी अडचण आहे, ज्यांच्याजवळ बसायला कोणाला वेळ नाही, अशा मुलांसाठी.

पण इथलं काही कळतच नाही. जवळपास अनाथाश्रम शोधला, एकही सापडला नाही. दोन संस्थांना ईमेल केली, उत्तर आलं नाही. घराजवळच्या प्राथमिक शाळेने मात्र लगेच कळवलं की मुलांचं वाचन ऐकायला माणसं हवी आहेत, आणि सोबत फॉर्म पाठवला. गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते महिन्यांसकट, गुन्ह्यांच्या नोंदीची तपासणी, दोघांची शिफारस, वर भारतातल्या पोलिसांचं प्रमाणपत्र. वाचून मनाला लागलं. आपण काही मागायला चाललेलो नाही, वेळ द्यायला निघालोय, आणि त्यांनी सगळ्यात आधी विचारावं की तुमच्यावर काही गुन्हा आहे का?

हे सगळं खरंच लागतं का? डिपेंडंट व्हिसावर हे चालतं ना? माझं इंग्रजी लिहिण्या-वाचण्याचं बरं आहे, पण उच्चार आपले मराठी. त्या मुलांना मी वाचायला काय शिकवणार? आणि सगळ्यात आतला प्रश्न हा की मी मुलांसाठी जातेय की माझा दिवस जात नाही म्हणून? दुसरं कारण असेल तर जाणं चूक आहे का?

कागदपत्रांची_फाईल

आधी व्हिसाचं सांगतो. स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटला नोकरी करता येते, तशी स्वयंसेवाही करता येते, काळजी नको. हे वाचणाऱ्या इतरांसाठी मात्र एक सूचना. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत आणि तेही एकूण ३० दिवसांपर्यंतच असं काम करता येतं. विद्यार्थ्यांनी तर आपल्या विद्यापीठात विचारल्याशिवाय हो म्हणू नये, कारण ठरावीक तास आणि ठरावीक जबाबदारी असलेलं बिनपगारी काम त्यांच्या कामाच्या तासांत मोजलं जातं.

गुन्ह्यांच्या नोंदीच्या त्या तपासणीला इथे डीबीएस म्हणतात. स्वयंसेवकाकडून सरकार त्याची फी घेत नाही. पण डीबीएसला इथल्याच नोंदी दिसतात, भारतातल्या नाही. म्हणून शाळा आपल्याकडचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागते. भारतात असताना पासपोर्ट सेवेतून ते सहज काढता येतं. आता तुम्हाला भारतीय उच्चायुक्तालयामार्फत अर्ज करावा लागेल. वेळ लागतो, तेव्हा आजच टाका.

अडचण येते ती पत्त्याच्या पुराव्याची. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांची इथे तीच गत होते. घरभाडं, वीज, बँक, सगळं नवऱ्याच्या नावावर. माझ्या बायकोचा अर्ज याच कारणाने दोन महिने अडला होता. तेव्हा तुमच्या नावाचं बँक खातं उघडा आणि कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या घरपट्टीच्या, बिलावर स्वतःचं नाव घालून घ्या. पुढे नोकरीच्या वेळीही हेच लागणार आहे. पत्त्यांमध्ये एका महिन्याचीही फट ठेवू नका. शिफारसपत्र भारतातलं चालतं का ते शाळेला विचारा. अभ्यासिका चालवणाऱ्या माणसाचं पत्र मिळालं तर उत्तमच.

मंगळवारची_ताई

अगं, तू म्हटलं तर चालेल ना? वयाने मोठी आहे मी. नऊ वर्षं शाळांमधून मुलांचं वाचन ऐकतेय. आधी एका गावात, आता दुसऱ्या.

फॉर्म वाचून मलाही असंच लागलं होतं. मग एका शिक्षिकेने मला सोहमची गोष्ट सांगितली. केंब्रिजशरमधलं छोटं गाव. २००२ साली तिथे दहा वर्षांच्या दोन मैत्रिणींचा खून झाला. खुनी एका शाळेचा केअरटेकर होता. त्याच्याबद्दल आधी दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे गंभीर तक्रारी झाल्या होत्या, पण नोकरी देताना त्या शाळेपर्यंत पोचल्याच नाहीत. त्यावर चौकशी बसली, २००४ मध्ये अहवाल आला, कायदा बदलला, आणि २०१२ मध्ये ही तपासणी करणारी आजची डीबीएस संस्था उभी राहिली. म्हणजे त्या फॉर्ममागे दोन मुली आहेत. हे कळल्यापासून मी तो कधी रागाने भरलेला नाही. तुझं मन चांगलं आहे हे तुला माहीत आहे, शाळेला अजून माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता इंग्रजीचं. उच्चारांची भीती मलाही होती आणि ती अगदीच खोटी निघाली असं नाही. इथे पहिलीच्या आसपासची मुलं फोनिक्सने वाचायला शिकतात, म्हणजे अक्षराचं नाव नाही, त्याचा आवाज. पहिल्या दिवशी शिक्षिकेने मला 'एम' दाखवून आवाज विचारला. मी म्हटलं, 'म'. ती म्हणाली, नाही, नुसता 'म्म्म्'. मला फरकच कळेना. मग घरी येताना डोक्यात प्रकाश पडला. आपल्या प्रत्येक व्यंजनाच्या पोटात 'अ' बसलेला असतो. मी 'म', 'अॅ', 'ट' असं सांगितलं तर ते पोर जोडून 'मअॅटअ' म्हणणार, त्याचं 'मॅट' कधी होणारच नाही. त्याला हवीत पाय मोडलेली अक्षरं: म्, स्, ट्. त्या रात्री वही घेऊन सगळे आवाज पाय मोडून लिहून काढले. ती वही अजून आहे माझ्याकडे. बाराखडी शिकलेल्या माणसाला आवाज जोडणं कोणी शिकवावं लागत नाही, तेवढा तो 'अ' गिळायला शिकावं लागतं. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' मात्र आरशासमोर उभं राहून घोट. आपण दोन्हींना 'व'च म्हणतो. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला लागायला हवेत, 'डब्ल्यू'ला दात कुठेच नाहीत, नुसते गोल ओठ. मुलं तुझ्या तोंडाकडे बघून शिकतात.

आणि ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही अशी मुलं इथल्या शाळांत साधारण पाचात एक आहेत. त्यांच्यासमोर दुसरी भाषा डोक्यात घेऊन वावरणारं मोठं माणूस बसलंय, हे त्यांना बरं वाटतं. एका मुलीने मला विचारलं होतं, तू स्वप्नं कोणत्या भाषेत बघतेस? मराठीत, असं म्हटल्यावर तिने मान डोलावली आणि पुस्तक उघडलं.

आता तुझा आतला प्रश्न. त्यासाठी मला एका मुलाबद्दल सांगायला हवं. त्याची ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

इयर वनमधला, म्हणजे इथल्या पहिलीतला, सहा वर्षांचा. आई आणि धाकट्या बहिणीबरोबर कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, दिलेल्या तात्पुरत्या जागेत राहायचा. तात्पुरती जागा म्हणजे हॉटेलातली एक खोली, आणि तीही वर्षात तीनदा बदललेली. शाळेने दिलेलं पुस्तक घरून परत यायचं नाही, कारण प्रत्येक वेळी सामान हलवताना काहीतरी मागे राहायचं. पहिले चार मंगळवार त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी वाचायचे, तो बुटाची पट्टी उघडायचा, लावायचा, उघडायचा. पाचव्या मंगळवारी मी एक शब्द चुकवला. मुद्दाम नाही, खरंच चुकले. त्याने बोट ठेवून दुरुस्त केला. तिथून आमचं सुरू झालं.

जूनमध्ये त्या वर्गाची फोनिक्सची चाचणी असते. चाळीस शब्द, त्यातले वीस खरे आणि वीस अर्थ नसलेले. अर्थ नसलेल्या शब्दांशेजारी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं. खऱ्या शब्दांत हा अडायचा. ज्या मुलांना रोज रात्री कोणी गोष्ट वाचून दाखवतं, त्यांनी ते शब्द शेकडो वेळा ऐकलेले असतात, याने नाही. पण त्या प्राण्यांचे शब्द कोणीच कधी ऐकलेले नसतात. तिथे तो कोणाच्या मागे नव्हता. ते शब्द वाचताना त्याचा आवाज मोठा व्हायचा. मी घरून कागदावर नवीन प्राणी काढून न्यायचे, त्यांची नावं तो वाचायचा.

आणि एप्रिलमध्ये मी त्याला सोडून गेले.

आमच्या घराचा करार संपला, ह्यांची बदली दुसऱ्या गावी झाली, सगळं ईस्टरच्या सुट्टीत घडलं. शाळेला ईमेल केली, त्यांनी छान उत्तर दिलं, आभार मानले. मुलाला सांगायचं राहिलं. खरं म्हणजे ते माझ्या मनातच आलं नाही. मी स्वतःला मदतनीस समजत होते, आठवड्यातून वीस मिनिटं येणारी एक बाई. जुलैमध्ये काही कागद घ्यायला त्या शाळेत गेले तेव्हा त्याच्या शिक्षिकेने सांगितलं की तो कितीतरी आठवडे सकाळी येऊन विचारायचा, आज मंगळवार आहे का? मग विचारायचा थांबला.

तीन खोल्या बदललेलं ते मूल होतं. माणसं आणि वस्तू न सांगता नाहीशी होतात हे त्याला आधीच माहीत होतं. मी त्यात माझी भर घातली. आजही ते आठवलं की जीव कासावीस होतो.

म्हणून सांगते, दिवस जात नाही म्हणून गेलीस तरी त्यात काही वाईट नाही. मीही तशीच गेले होते. मुलाला तुझं कारण कळत नाही, तुझा वार कळतो. जी वेळ नक्की पाळता येईल तीच सांग. नोकरी शोधतेयस ना? मग शाळेला पहिल्याच भेटीत सांग की मी हाफ टर्मपर्यंत, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीपर्यंत, नक्की आहे, पुढचं तेव्हा सांगेन. शाळा त्याला कमी लेखत नाही. मी आता प्रत्येक मुलाबरोबर पहिल्या दिवशी एका कागदावर चौकोन काढते, जितके मंगळवार तितके चौकोन. दर वेळी तो एक रंगवतो. शेवटचा चौकोन त्याला पहिल्यापासून दिसत असतो. त्या दिवशी आम्ही त्याच्या आवडीचं पुस्तक पुन्हा वाचतो आणि मी सांगते की पुढच्या आठवड्यात मी येणार नाही. एका मुलीने तो शेवटचा चौकोन रंगवायलाच नकार दिला होता. तसाच राहू दिला.

मुलांनी तुझं एकटेपण भरून काढावं अशी अपेक्षा मात्र नको. तू आलीस म्हणून एखादा आनंदाने उडी मारेल, दुसरा पाठ फिरवून बसेल, आणि पाठ फिरवणाऱ्याकडेही पुढच्या आठवड्यात त्याच चेहऱ्याने जावं लागतं. त्या वर्षी मी लायब्ररीतल्या विणकामाच्या गटातही जायला लागले. तिथल्या बायका माझ्या मैत्रिणी झाल्या. त्यामुळे मंगळवारी मुलाकडून मला काही नको असायचं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव, कारण याची वेळ कधी येईल सांगता येत नाही. एकदा एक मुलगी वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, एक सांगू का, पण तू कोणाला सांगायचं नाहीस. माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. आपण मुलांना असंच म्हणतो ना, सांग राणी, कोणाला नाही सांगत. प्रशिक्षणात शिकवलेलं आठवलं म्हणून म्हटलं, तू सुरक्षित राहावीस म्हणून कदाचित मला एका माणसाला सांगावं लागेल. ती जरा थांबली आणि तरीही बोलली. मी काही खोदून विचारलं नाही. तिचेच शब्द जसेच्या तसे लिहिले आणि घरी जायच्या आत शाळेच्या सेफगार्डिंग लीडला, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला, दिले. प्रत्येक शाळेत असं एक नेमलेलं माणूस असतं, पहिल्या दिवशी त्यांचं नाव आणि खोली विचारून ठेव. पुढे काय झालं ते मला कळलं नाही. स्वयंसेवकाला ते सांगत नाहीत, सांगूही नये. मुलगी पुढच्या मंगळवारी आली, आम्ही अर्धं राहिलेलं पुस्तक पुरं केलं.

खिडकीजवळची_सीट

तुम्ही अनाथाश्रम शोधलात म्हणून लिहितो. मीही आल्यावर तेच केलं होतं. तुमच्या मनात असतात तसे मोठे अनाथाश्रम इथे आता नाहीत. आईवडिलांकडे राहू न शकणारी मुलं कौन्सिलच्या देखरेखीखाली असतात. इंग्लंडात अशी ८० हजारांहून जास्त मुलं आहेत आणि त्यातली बहुतेक फॉस्टर कुटुंबांत, म्हणजे अशा मुलांना आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, राहतात. बाहेरून ती ओळखू येत नाहीत, येऊही नयेत.

त्यांच्यासाठी एक काम असतं, इंडिपेंडंट व्हिजिटर. १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टमध्ये त्याची तरतूद आहे. ज्या मुलाला भेटायला घरचं कोणी फारसं येत नाही, त्याला कौन्सिल एक मोठा मित्र जोडून देते. साधारण महिन्यातून एकदा भेटायचं, बाहेर घेऊन जायचं. सोशल वर्कर, शिक्षक, फॉस्टर पालक, या मुलांभोवतीची बहुतेक मोठी माणसं पगारावर असतात. तुम्ही नसता, आणि मुलाला ते माहीत असतं. त्याला नको असेल तर तो नाही म्हणू शकतो, तो त्याचा हक्क आहे.

मी चार वर्षं एका मुलाला भेटतोय. अकरा वर्षांचा होता, आता पंधराचा आहे. पहिल्या तीन भेटींत तो काहीच बोलला नाही. चौथ्या वेळी आम्ही डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसलो. शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो आणि त्याच बसने परत आलो. त्याने मला बसचे सगळे नंबर सांगितले. तेव्हापासून बसच. त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकावा असं कितीदा वाटतं, पण ते चालत नाही. बरोबरच आहे.

लंडनमध्ये ब्लूम्सबरीत कोरम्स फील्ड्स नावाचं मैदान आहे. टॉमस कोरम नावाच्या जहाजाच्या कप्तानाने १७३९ साली टाकून दिलेल्या मुलांसाठी काढलेली संस्था तिथे होती. आता तिथे मुलं खेळतात. फाटकावरचा नियम असा की सोबत मूल असल्याशिवाय मोठ्या माणसाला आत प्रवेश नाही. एकटा असताना मी दोनदा त्या फाटकावरून परत फिरलोय. मुलाबरोबर गेलो तेव्हा त्यानेच फाटक उघडलं आणि म्हणाला, ये, तू माझ्यासोबत आहेस.

शेजारीच त्या संस्थेचं संग्रहालय आहे. मूल ठेवून जाणाऱ्या आयांनी ओळखीची खूण म्हणून ठेवलेली नाणी, कापडाचे तुकडे वगैरे तिथे आहेत. मी एकटाच पाहून आलो. त्याला नेलेलं नाही. ते कधी बघायचं, बघायचं की नाही, हे त्याने ठरवावं.

पण तुम्ही हे काम इतक्यात घेऊ नका. यात निदान दोन वर्षांचा शब्द मागतात आणि तुमचं गाव अजून पक्कं नाही. तोवर ताईंनी सांगितलेलं वाचन उत्तम. उन्हाळ्यात कौन्सिलचे हॉलिडे ॲक्टिव्हिटीज अँड फूडचे वर्ग असतात, २०२१ पासून इंग्लंडभर चालतात. शाळेत मोफत जेवण मिळणारी मुलं सुट्टीत उपाशी राहू नयेत म्हणून तिथे जेवण आणि खेळ दोन्ही असतं. चार-सहा आठवड्यांचाच शब्द द्यावा लागतो, आणि हातांची फार गरज असते.

नवीन_पाहुणी

ताई, तुमचं वाचून बराच वेळ नुसती बसून होते. त्या मुलाचा मंगळवार डोक्यातून जात नाहीये.

फॉर्म भरला. भारतातलं मधलं घर कोणत्या महिन्यात सोडलं ते आठवेना, आईला फोन केला, तिने जुन्या भाडेपावत्या काढून सांगितलं. कौन्सिल टॅक्सच्या बिलावर नाव घालायला आज फोन केला, पुढच्या आठवड्यात बिल येईल म्हणाले. शाळेला गुरुवार दुपार कळवली आहे, आणि सरळ लिहिलं की ख्रिसमसच्या सुट्टीपर्यंत नक्की येईन, पुढचं नोकरीवर अवलंबून आहे. सेक्रेटरीबाईंचं उत्तर आलं, स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार, बारा गुरुवार होतात. मी मोजले नव्हते, त्यांनी मोजले.

काकांचे आभार. उन्हाळ्याचं नक्की लक्षात ठेवते.

रात्री वही घेऊन बसले होते. म्, स्, ट्, प् जमले. आरशासमोर 'व्ही' म्हणून बघितला, नवरा दारात उभा राहून ऐकत होता, मग तोही म्हणायला लागला. ताई, 'क्यू'चा आवाज वहीत कसा लिहिलायत?

मंगळवारची_ताई

'क्यू' बहुतेक वेळा 'यू'ला सोबत घेऊनच येतो. मी लिहिलंय 'क्व्', आणि त्याखाली 'ओठ गोल, दात नाहीत'. 'एक्स'पाशीही अडशील, तो 'क्स्'. बारा चौकोनांचा कागद आधीच करून ठेव, आणि एक लाल खडू जास्तीचा ने. लाल सगळ्यात आधी संपतो.